बाबांच्या कॉन्टेसात सहा सिलिंडरचं इंजिन

रविवार, १२ जानेवारी. समता कॉलनी.

आज इंजिन बसलं! बाबांच्या जुन्या कॉन्टेसा गाडीत, सहा सिलिंडर एका रांगेत. लांबीनं मात्र रडवलं. पंखा आणि रेडिएटरच्या मधे बोटभर जागाही उरेना. मी रेडिएटर पुढे सरकवून राहिले होते, तेवढ्यात दादा आला. बाबांची गाडी मी बिघडवून राहिले म्हणून वर्षभर बोलला नव्हता माझ्याशी. मी हातात पाना धरून तशीच उभी. आता भांडेल काय?

त्यानं वाकून पाहिलं. "जुनं इंजिन काहून काढलं?"

"पार झिजलं होतं, दादा. गाडी भंगारात देऊ काय मग?"

त्यानं बाह्या वर केल्या आणि रेडिएटर धरला. "हव. बोल्ट कस आता."

झाली बोटभर जागा. उन्हाळ्यात इंजिन गार ठेवायला एवढी पुरेल काय? पाहू. चावी फिरवली आणि गाडी अशी काही सुरू झाली की दादा हसायलाच लागला.

"आरटीओत नव्या इंजिनाचे कागद झाले की हायवेनं अभनपूरपर्यंत जाऊ," मी म्हटलं. "पहिले कोण चालवन?"

"तू चालव. मी बाजूले बसतो."