नाकावरचे नऊ किलो

रविवार, ४ मे

निषेध! आज सकाळी सव्वाअकरा वाजता, ऑटलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या संत्र्याच्या मार्मलेडला हद्दपारीची शिक्षा झाली. आरोप: काचेची बरणी. पुरावा: साडेसहाशे ग्रॅम. वकील नाही, अपील नाही. न्यायाधीश — आई, वय एक्याऐंशी, समोर पीठ मोजायचा वजनकाटा. "डबीत चार चमचे घे. पुरे तेवढं तुला." चार चमचे! त्रेपन्न वर्षांच्या बाईला!

हे सगळं कॅरॅव्हॅनपायी, गाडीमागे ओढायच्या त्या चाकांवरच्या घरापायी. बाबा फेब्रुवारीत गेले. तेव्हापासून ती पांढरी पेटी गॅरेजसमोर पडदे ओढून उभी आहे, डोळे मिटून ऊन खात असल्यासारखी. सेल्बीचा कुणी माणूस शनिवारी दुपारी दोनला ती बघायला येणार आहे. आईची अट सरळ: "त्याआधी मला तिच्यातून फायलीला समुद्रावर ने. जमलं तर ठेवू. नाही जमलं तर जाऊ दे त्याच्याबरोबर."

जाऊ दे की! असंच म्हणायला हवं होतं मी. वीस वर्षं गावच्या साप्ताहिकात या कॅरॅव्हॅनवाल्या जमातीची सालटी काढली. चाळीस वर्षं कुठल्याच कॅरॅव्हॅनमध्ये पाय ठेवला नाही. आणि तोंडातून निघालं काय — "नेते."

सोमवार, ५ मे

दिवसभर बाबांची वही आणि मी. वही कसली, धर्मग्रंथच. "जड ते खाली, मधोमध, चाकांच्या आसावर. हलकं ते वर. मागे जड काहीही नको. मागे जड झालं की शेपूट हलणार." दारापुढचा तंबू मधोमध जमिनीवर. बीन्सचे डबे सहा, सातवा नाही. पाण्याचं पिंप रिकामं. ताटं प्लॅस्टिकची, उशा वरच्या कपाटात.

शेवटी नाक. नाक म्हणजे तिचं पुढचं टोक, गाडीच्या हुकावर बसतं ते. तिथे वजन नेमकं हवं, म्हणजे मागचं धूड मुकाट येतं. पुढच्या पेटीची यादी: "गॅसची टाकी, खुंट्या, हातोडी, पायरी, आणि नेहमीचं. नाकावर एकूण ७५ किलो."

नेहमीचं म्हणजे काय, देव जाणे. ती पेटी मी मार्चमध्येच साफ केली, आई मावशीकडे गेली होती तेव्हा. आत बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे निघाले, गच्च दगडांनी भरलेले! समुद्रावर जाताना घरून दगड नेणारा माणूस — माझे वडील. शेजारचे गार्थवेट बागेतल्या तळ्याला काठ बांधत होते, त्यांना देऊन टाकले. डब्यांत आता ते माशांचं खाणं ठेवतात.

बाकाखालचा, बरोबर आसावरचा कप्पा आईने स्वतः भरला. वरून पट्टा आवळला. "इथे हात लावायचा नाही. हे माझे तीन किलो."

"तीन किलो कसले?"

"माझे म्हटलं ना!"

शेरी. दुसरं काय असणार! माझं मार्मलेड हद्दपार आणि हिच्या बाटल्या सिंहासनावर.

मंगळवार, ६ मे

गार्थवेट कुंपणावरून. बगलेत नाकाचं वजन करायचा काटा, लोखंडी नळकांडं. "मोजून घे, पोरी."

"वहीप्रमाणे भरलंय, मिस्टर गार्थवेट."

"वहीला वजन कळत नाही गं."

हसले आणि नळकांडं घेऊन गेले. लेखासाठी छान पात्र आहे.

बुधवार, ७ मे

दुपारी कॅरॅव्हॅनच्या बाकावर डोळा लागला. नारिंगी पडद्यातून ऊन, आणि आपण समुद्रावर तरंगत चाललोय, घरासकट. बाबा पुढे पोहत होते, दोरी दातांत धरून. मागे वळून म्हणाले, "कुणी हलू नका." मी श्वाससुद्धा रोखला. जागी झाले तेव्हा गालावर गादीच्या शिवणीचा वळ, आणि तोंडाला मिठाची चव! मिठाची कुठून आली?

गुरुवार, ८ मे

अक्षर वाचवत नाही, तरी लिहिते.

यॉर्कच्या पुढचा लांब उतार. ताशी पन्नास मैलांचा वेग. उजवीकडून एक ट्रक वारा फेकत गेला. आणि डाव्या आरशात कॅरॅव्हॅन डोकावली. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या, आणखी बाहेर. आवाज काही नाही! एखादं मोठं पांढरं जनावर झोपेत कूस बदलतंय तसं. स्टीअरिंग हातात पातळ झालं, पाण्यासारखं. आणि मला वाटलं — किती सुंदर दिसतंय हे. खरंच, असंच वाटलं! मग मागून कुणी बोलल्यासारखं, अगदी स्वच्छ: "ब्रेक नको. हात सरळ. पाय तेवढा उचल." उचलला. मोठा झोका, लहान झोका, अगदी लहान. आली रांगेत.

रस्त्याकडेला थांबले. आईने थर्मासमधला चहा ओतला, एक थेंब न सांडता. "हाच उतार," एवढंच म्हणाली.

मला सांगते! १९८५. मी तेरा वर्षांची. दोन उन्हाळे किनाऱ्यावर वेचलेले दगड, घरात आई ठेवू देईना म्हणून कॅरॅव्हॅनमध्ये मागच्या बिछान्याखाली, उशीच्या अभ्र्यात लपवलेले. याच उतारावर शेपूट हललं. थोडक्यात वाचलो. बाबांनी अभ्रा ओढून काढला. चेहरा पांढराफटक. "यापुढे एक तर हे दगड येतील नाहीतर तू!"

"मग दगडच न्या!"

रागारागाने मी गाडीत जाऊन बसले. दगड त्यांनी तिथेच फेकले असणार. आमच्यात एक रीत होती — समुद्र ज्याला आधी दिसेल त्याला दुसऱ्याने आइस्क्रीम द्यायचं. त्या दिवशी त्यांना आधी दिसला. हळूच म्हणाले, "दिसला." मी तोंड फिरवलं. आइस्क्रीम दिलं नाही. पुढच्या वर्षी गेले नाही. मग कधीच नाही.

आज तिथूनच माघारी वळले. चाळीसच्या वर काटा नेला नाही. आई दारात उतरताना म्हणाली, "परवा दोन वाजता येतोय तो सेल्बीचा."

शुक्रवार, ९ मे

सकाळीच गार्थवेटांचं दार वाजवलं. त्यांनी बूट चढवले. नळकांडं नाकाखाली लावलं, गुडघ्यावर बसले, चष्मा पुसला. "सहासष्ट. तुझ्या बापाचं पंचाहत्तर असायचं, दर वर्षी. नऊ किलो कमी आहे, पोरी. नाक हलकं, मग शेपूट मोकाट!"

"पण वहीतलं सगळं भरलंय! एक ते 'नेहमीचं' सोडून."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज: "नेहमीचं म्हणजे तुझे दगड, हेस. पुढच्या पेटीत असतील बघ."

गार्थवेटांनी सावकाश आपल्या तळ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"काय केलंस?" आई बाहेर आली, हातात लोण्याची सुरी.

"आई, ते... ते तर त्यांनी फेकले होते ना? त्याच दिवशी?"

"फेकतील कसे? तूच म्हणालीस ना, मग दगडच न्या? नेले. मागचे काढून पुढे ठेवले. तीन कॅरॅव्हॅन बदलल्या, दगड तेच. म्हणायचे, पोरीचं वजन वाईट नव्हतं गं, ठेवायची जागा तेवढी चुकली."

"मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू विचारलंस कधी? तू तर लेख लिहीत होतीस आमच्यावर."

मी बाह्या वर सारल्या आणि गार्थवेटांकडे बादली मागितली.

मग दुपारभर गार्थवेटांच्या तळ्याकाठी, दोघं गुडघाभर चिखलात. भोकाचा दगड हातात आला आणि ओळखला मी, चाळीस वर्षांनी. एकाला मात्र गार्थवेट हात लावू देईनात. "तो नको. त्यावर बेडूक बसतो."

"माझा दगड आहे तो!"

"बेडूक माझा आहे."

धुऊन, पुसून, आईच्या काट्यावर: आठ किलो साडेतीनशे. साडेसहाशे ग्रॅम कमी. आईने कपाट उघडलं, माझी मार्मलेडची बरणी काढली, दगडांशेजारी ठेवली. काटा नऊवर गेला आणि थांबला.

"आता झालं समाधान?"

बरणी पुढच्या पेटीत गेली, टॉवेलात गुंडाळून. नळकांडं: पंचाहत्तर. गार्थवेटांनी टोपी काढली, नाकाला की मला, कळलं नाही.

शनिवार, १० मे

तोच उतार. तसाच ट्रक. आरशात ती जराशी मान हलवून गप्प राहिली. दोन्हीकडे मोहरीची शेतं, इतकी पिवळी की गाडीच्या आतसुद्धा पिवळं झालं होतं. रस्ता खालून वाहतोय आणि आपण जागच्या जागी, मागे आख्खं घर, त्यात कप न किणकिणता बसलेले. असंच जात राहावं असं वाटत होतं.

उतार संपल्यावर थांबून सेल्बीच्या माणसाला फोन केला. "येऊ नका. विकायची नाही."

"आधी पोचव तर," आई म्हणाली आणि डुलकी काढायला लागली.

शेवटच्या वळणानंतर दोन छपरांच्या फटीत एक निळी रेघ. आई झोपलेलीच. "दिसला," मी हळूच म्हणाले. कुणाला, ते नाही कळलं.

रविवार, ११ मे

सकाळी आईने बाकाखालचा पट्टा सोडला. शेरी नव्हती. तपकिरी डबा, त्यावर बाबांचं नाव, आत त्यांची राख. तीन किलो.

"जड ते खाली, मधोमध, आसावर," ती म्हणाली. "त्यांचाच नियम."

म्हणजे गुरुवारी त्या उतारावर मागून तो आवाज —

ओहोटी होती. डबा मी धरला, आईने माझा दंड. पाण्यात घोट्यापर्यंत गेलो. वारा नव्हता, बाबा सगळे गेले नीट.

आई खुर्चीत बसल्यावर मी परत वर गेले, गाडीवरून लिंबाचं एक आइस्क्रीम घेतलं. बाबा लिंबाचंच घ्यायचे. खाली पाण्याच्या कडेला ओल्या वाळूत कोन उभा खोचला आणि बाजूला उभी राहिले. तिसऱ्या लाटेने नेला.