गुरुवारची पूजा आणि समोरचा हॉल

१८ नोव्हें., मंगळ.
भजनाला सहाच बायका. सुनबाई पल्लवी सोम ते बुध नागपूरच्या ऑफिसात, गुरु-शुक्र घरून काम. तिच्या कामात आवाज नको म्हणून गुरुवारचं भजन मंगळवारी आणलं. मंगळवारी बाजार. कोण येणार?

२७ नोव्हें., गुरु.
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. ही पूजा कुठं हलवू? आरती सुरू झाली आणि पल्लवी आतून धावत आली, "आई, दोनच मिनिटं. मीटिंग सुरू आहे."
आरती थांबवली. थांबवली! निरांजन हातात तसंच. शेजारच्या शांताबाई मुद्दाम मोठ्यानं, "काऊन वो, तुह्या साहेबाले आरती नाही चालत? परसाद तं चालन ना?" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. पल्लवीलाही नाही.

२९ नोव्हें., शनि.
समोरचे रामदासभाऊ खालच्या मजल्यावर हॉल काढणार. टेबलं, पंखे, नेट. घरून काम करणाऱ्या पोरांनी महिन्याचं भाडं देऊन तिथं बसायचं. नगर परिषदेच्या नव्या आराखड्यात आपल्या गल्लीत खाली दुकानं-ऑफिसं, वर घरं चालणार. आज हॉल, उद्या चहाची टपरी, मग गाड्या. मारुतीपुढं गोपाळकाला होतो त्या जागेत गाड्या लागणार.
भजनी मंडळाच्या बायका म्हणाल्या, नगर परिषदेत हरकत घेऊ. तू मॅट्रिक, तूच बोल. हो म्हटलं. रागातच.

५ डिसें., शुक्र.
काल आरती हळू आवाजात केली. देवीसमोर कुजबुज केल्यासारखी.
आज जेवताना पल्लवी, "आई, हॉल झाला तर बरं. नाहीतर नागपूरला खोली बघावी लागेल. मग चिमीची शाळाही तिकडेच." मुलगा मान खाली घालून वरणभात कालवत राहिला. म्हणजे दोघांचं आधीच ठरलंय.
यांना सांगितलं. हे म्हणतात, "तुले हॉल पाहिजे का नोको, एक सांग ना!"
मला घरात पूजा पाहिजे, पोरं पाहिजेत, नात चिमी पाहिजे. दारात गाड्या नकोत. हे एका शब्दात कसं सांगू?

१० डिसें., बुध.
उद्या अकराला नगर परिषदेत हरकतीची सुनावणी. त्यांनाही गुरुवारच सापडला. शांताबाई दारातूनच, "ढिली नोको पडू वो. आमी मागं उभ्या राहून रायलो."
पल्लवी नागपूरहून आली. चिमी तिला बिलगली ती सोडेना. पल्लवीनं विचारलं, "आई, उद्या काय बोलाल?"
म्हटलं, हातपाय धू, जेवून घे.
देवापुढं बसले. त्याच्याकडंही नीट मागता येईना. हॉल होऊ नये म्हणू, की पोरं जाऊ नयेत म्हणू?