पांढरी गाडी

प्रिय ताई,

नदीकाठी आपण निखाऱ्यावरची रोटी फुंकून खात होतो, तेव्हा आपल्या आदिवासींची पोरं उचलणारी सरकारची पांढरी गाडी आली आणि तुला कायमची घेऊन गेली.

काल तशीच गाडी दारात थांबली. तुझी गोष्ट ऐकत वाढलेल्या माझ्या नातवानं, लिंडसेनं, पहारीनं तिची काच फोडली, मग नर्सचं तोंड.

"अरे रेड्या," त्याची बायको टायरा किंचाळली, "पोर अजून पोटात आहे! नेतील काय, कपाळ?"

नर्स लस घेऊन आली होती. आईला टोचली की तिच्या रक्तातून बाळाच्या छातीला बळ मिळतं. टायराचं पहिलं बाळ हिवाळ्यात श्वास कोंडून गेलं होतं.

रक्त थुंकून नर्स म्हणाली, "बाही वर कर, पोरी." टायरानं केली, आणि तिनं सुई टोचली.

मी मेल्यावर माझा चांदीचा क्रूस नर्सला, कातड्याचं पांघरूण बाळाला. मुलगी झाली तर तुझं नावही तिला. तुला त्यांनी तिथं दुसरं नाव दिलं असणारच.

तुझीच,
डोरीन