तक्त्यात नसलेले वारे पाहिल्याबद्दल खुलासा

प्रति,
मा. संचालक,
हवामान निरीक्षण संचालनालय.

विषय : तक्त्यात नसलेले चक्राकार वारे पाहिल्याबद्दलची कारणे दाखवा नोटीस.

संदर्भ : सदर नोटीस, तिचे शुद्धिपत्रक व त्या शुद्धिपत्रकाचे शुद्धिपत्रक.

महोदय,

उपरोक्त विषयी रडार कक्षातील कनिष्ठ निरीक्षक (यापुढे 'अर्जदार') सविनय सादर करतो की, दि. १९ रोजी सायंकाळी आलेले मोठे गडगडाटी वादळ पहाटे ओसरले. विभागप्रमुखांनी सव्वासातला 'वादळ समाप्त' असा शेरा मारून सही केली. आठ वाजता कामावर आलेल्या अर्जदारास मात्र उरलेले ढग जमिनीपासून पाचेक किलोमीटरवर सावकाश गोल फिरताना रडारवर दिसले. वादळ मोठे असले की त्याच्या पोटात असा भोवरा धरतो. पाऊस थांबला तरी तो लगेच मोडत नाही आणि दुपारी ऊन तापले की त्याच्याभोवती नवे ढग उभे राहू शकतात.

अर्जदाराने ही बाब तत्काळ विभागप्रमुखांच्या कानावर घातली. त्यांचे शब्द जसेच्या तसे : "सही झालेलं वादळ परत कसं येईल? तक्त्यात खालची हवा आहे, वरची आहे. मधली कुठे आहे?" 'इतर' या रकान्यात लिहू का, असे विचारता तो रकाना कोरा ठेवण्याचे आदेश असल्याचे कळले.

त्या दुपारी नदीकाठच्या मैदानावर मुलींच्या शाळेच्या शर्यती होत्या. अर्जदाराची धाकटी बहीण तेथे क्रीडाशिक्षिका आहे. अर्जदाराने स्वतःच्या फोनवरून तिला कळवले. ती म्हणाली, "दादा, डोक्यावर लख्ख ऊन आहे. मोठ्या बाई मला वेड्यात काढतील." अर्जदार म्हणाला, "काढू देत. मुलींना आत घे." तिने घेतले. दोन वाजून चाळीस मिनिटांनी मैदानावरचा पत्र्याचा मांडव उडून नदीपलीकडे पडला. खाली दोनशे अकरा खुर्च्या होत्या. सर्व रिकाम्या.

यावर चौकशी समितीने विचारले की, कार्यालयास ठाऊक नसलेली हवा अर्जदारास कशी ठाऊक? शिवाय, समाप्त झालेले वादळ अर्जदाराच्या फोनमुळे पुन्हा सुरू झाले काय, हे तपासण्यास उपसमिती नेमली आहे. तिची पहिली बैठक पावसामुळे तहकूब झाली. दरम्यान अर्जदाराची बदली दप्तरखान्यात झाली. तेथे खिडकी नाही.

'मी काहीही फिरताना पाहिले नाही' एवढे लिहून दिल्यास प्रकरण मिटेल, असा निरोप विभागप्रमुखांनी मसुद्यासह पाठवला. बायको म्हणाली, "एक ओळ तर आहे, टाका ना लिहून." अर्जदाराने पेन उचललेही. खोटे कशाला बोला, सहीपुरते टोपणही काढले होते. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. राहिलेल्या शर्यती उद्या घ्यायच्या आहेत. "दादा, उद्या काय दिसतंय?"

अर्जदारास सांगता आले नाही.

सबब विनंती की, शिक्षा खुशाल कायम ठेवावी. उरलेली नोकरी कागदांची धूळ झटकत काढण्यास अर्जदार तयार आहे. मात्र उद्या सकाळी रडारसमोर जो कोणी बसेल, त्याला तक्त्यात मधल्या हवेसाठी एक रकाना द्यावा, आणि तो भरू द्यावा.

आपला, अद्याप सेवेत असलेला,
(सही)
कनिष्ठ निरीक्षक, सध्या दप्तरखाना
दि. २७

सोबत :
१. रडारचे चित्र (फिरणारा भाग लाल पेन्सिलीने दाखवला आहे).
२. जबाबाचा मसुदा, सहीविना परत.