हिरव्या चुड्यावरून नांगर

बों अक्योय, वैशाख वद्य तृतीया

आज या परक्या बेटावरच्या आमच्या मराठी मजुरांच्या मसणवटीत नांगर घातला. सरीत हिरव्या काचा निघाल्या. माझ्या बायकोच्या, सगुणेच्याच! सवाष्ण गेली म्हणून हिरवा चुडा भरून, इथल्या रीतीनं पुरली होती तिला. मंत्र म्हणायला भट नव्हता, म्हणून लहानपणी पंतोजींनी घोकून घेतलेल्या आर्या म्हटल्या होत्या. दुसरं काय येत होतं मला?

मजुरांवरचा सरदार आपलाच, रत्नागिरीकडचा दगडू. म्हणाला, "तात्या, सायबाला ऊस लावायचाय. मेलेल्याला काय कळतंय?"

"तुझी आई असती तर?"

"ती गावी जिवंत आहे," म्हणून हसला निलाजरा!

कोंबडी चोरली तर कोठडी, आणि मढी उकरली तर काहीच नाही?

काचा धुऊन उशाशी ठेवल्यात. उद्या उरलेल्या भागात नांगर. आधी जाऊन मी तिथं आडवा होणार. घाल म्हणावं, मला कळतंय.