जुळलेली रेघ

१० ऑक्टोबर
पोचले! मालवणला नोकरी म्हटल्यावर पुण्यातल्या मैत्रिणींनी नाकं मुरडली होती, आता जळतील. काशीबाईंच्या घरी भाड्याची खोली, खिडकीतून समुद्र, जेवायला बांगड्याचं तिखलं. त्यांचा मुलगा देवेश मासेमारीला जातो. माझी बॅग त्यानंच वर आणली आणि दगड भरलेत का म्हणून हसला.

कामही मजेचं. लोकांनी राजीखुशीनं जोडलेल्या फोनांचं ठिकाण आमच्याकडे येतं. कोण कसं फिरतं ते संगणक शिकतो आणि एकाच वाटांनी फिरणाऱ्यांच्या जोड्या लावतो. फोन आत्ता कुठं आहे तो नकाशावर ठिपका, आणि जुना रस्ता जुळलेला तेवढाच रेघ होऊन दिसतो. बाकीचा खाजगी, म्हणून झाकलेला. माझाही फोन जोडलाय. देवेशचाही.

१४ ऑक्टोबर
मला जोडीदार मिळाला! सुशांत, माझ्याआधी याच जागेवर होता. बाजार, जेटी, ऑफिस, सगळं जसंच्या तसं. नोकरी तीच, खोली तीच, मग रस्ते जुळणारच. त्यानं नोकरी का सोडली विचारलं, तर साहेब चहाला उठले.

काशीबाईंनी सांगितलं. सोडली नाही. गेल्या वर्षी समुद्रात गेला, देह मिळाला नाही.

१६ ऑक्टोबर
आज मुद्दाम वाट वाकडी केली. देवळामागून, काजूच्या बागेतून, उगाच एका विहिरीला फेरी घातली. मग नकाशा पाहिला.

त्याची गेल्या वर्षीची रेघही बागेतून गेलीय. विहिरीला फेरी घालून. म्हणजे तोही असाच कुणाची तरी रेघ टाळत होता —

१७ ऑक्टोबर
नोकरी गेली खड्ड्यात. कुडाळ जवळ, म्हणून मुद्दाम लांबचं वैभववाडी स्टेशन गाठलं. फोनवरच लिहितेय. नकाशा बघणार नव्हते. बघितला. रेघ या बाकापर्यंत आलीय.

म्हणजे तो इथून परतला, आणि मग समुद्रात गेला. मी नाही परतणार. मला जगायचंय.

दुपार
काशीबाईंचा फोन. रडत होत्या. "देवेशाची होडी येवक नाय गो. वाडीत कोणाची चूल पेटूक नाय. ठिकाण तुकाच गावतला. ये गो!"

नाही म्हणवेना. सुशांतही असाच कुणासाठी तरी मागं फिरला असणार. गाडी करून निघालेय.

संध्याकाळ
देवेशचा ठिपका खडकापलीकडे दिसतोय. किनाऱ्यावर एकच होडी, वल्ह्यावरचा माणूस जणू माझीच वाट बघत होता. अनोळखी. पाठमोरा. बसले, निघालो.

आता वाडीकडं नीट पाहिलं. घराघरांतून धूर निघतोय. चुली पेटल्यात. सगळ्या —

काशीबाईंचा फोन. देवेश घरी जेवतोय. होडी कधीच परतलीय. त्यांनी मला दुपारी फोन केलाच नव्हता. विचारतायत, तू खंय आसस गो —

खडकापलीकडे ठिपका नाही. माझा एक. त्याला चिकटून सुशांतचा. आजचा.

होडी फिरव म्हणून ओरडले. वल्हं थांबलं. तो वळतोय, त्याचा चेह—