एक खोली गरम

२ नोव्हेंबर

थंडी सुरू. आजपासून रोजनिशी नियमित. मागची जानेवारीतच बंद पडली होती, कारण बोटं वळेनात.

परिस्थिती एकदा लिहून ठेवतो. बायको, मॉरीन, सप्टेंबरपासून इंग्लंडात, लेस्टरला, आमच्या मुलीकडे, हेझलकडे. नातू झालाय. "पंधरा दिवसांत येते" म्हणून गेली. बस आली तेव्हा मात्र म्हणाली, "लेन, त्या घरात एक खोली गरम करून दाखव. एकच. मग येते मी. नाहीतर माझे हिवाळे यापुढे लेस्टरला." गमतीत म्हणाली असावी. मॉरीन गमती फारशा करत नाही, हा भाग वेगळा.

संकल्प: नाताळच्या आत मोठी खोली गरम. तीही पारंपरिक पद्धतीने. या दगडी घरात दोनशे वर्षं माणसं राहिली, ती काय बटण दाबून राहिली? भुशाच्या गोळ्या घालायची शेगडी, डबल काचा, फोम, यातलं काहीही नको. निवृत्तीनंतर आम्ही इटलीच्या या डोंगरात आलो ते रेडिएटर बघायला नाही. म्हणजे, मी आलो. मॉरीन माझ्याबरोबर आली.

५ नोव्हेंबर

भिंतीतली मोठी चूल पेटवली. चार माणसं आत उभी राहतील एवढी चूल आहे. धूर वर न जाता माझ्याकडे आला.

सेत्तिमिओ धावत आला, खोकत. हा रस्त्यापलीकडचा शेजारी. जन्म याच घरातला, पण आता समोरच्या सिमेंटच्या गुलाबी घरात राहतो. ॲल्युमिनियमच्या खिडक्या, दारात दोन सिमेंटचे सिंह. लेनचं त्याने केव्हाच लेओ केलंय. म्हणाला, "लेओ, गादी जाळतोयस का?" मी सांगितलं, खोली गरम करतोय. तो म्हणाला, "ही चूल खोली गरम करायला नाहीच मुळी. हिच्या आत बसायचं असतं. आम्ही नऊ जण आत बसायचो. तोंड भाजायचं, पाठ गोठायची. मग वळायचं."

धुराड्यात कावळ्याचं घरटं निघालं. मी स्वतः काढलं. आता सगळी काजळी खाली आहे.

रात्रीचं जेवण त्यांच्याकडे. पुन्हा गॅरेजमध्येच! एका बाजूला फियाट, वर टांगलेले सॉसेज, मध्ये टेबल. बायको एर्सिलिया तिथेच रांधते. इतकी वर्षं शेजारी आहोत, पण वरच्या खऱ्या स्वयंपाकघरात एकदाही बसवलं नाही. मी माझ्या खिडकीतून पाहिलंय, खुर्च्यांवर अजून प्लास्टिक आहे. परक्याला परकंच ठेवतात हे लोक. मन मोठं करून तीन वाट्या सूप प्यायलो.

११ नोव्हेंबर, दुपार

यश!! खोलीत एकोणीस अंश! थर्मामीटरचा फोटो काढून मॉरीनला पाठवला. खाली लिहिलं: "तिकीट काढ."

११ नोव्हेंबर, संध्याकाळ

मॉरीनचं उत्तर: "दार उघडं आहे का?"

दार उघडं होतं. बाहेर वीस अंश होते. हा तांत्रिक मुद्दा झाला.

आज सान मार्तीनो, म्हणजे संत मार्टिनचा दिवस. या दिवसांत दरवर्षी तीन-चार दिवस ऊन पडतं, मग खरी थंडी. नवी वाइन फोडतात, चेस्टनट भाजतात. आम्ही माझ्या अंगणाच्या भिंतीवर बसून भाजले. वाइनचा दुसरा ग्लास झाल्यावर सेत्तिमिओ जुनं सांगायला लागला. शेत जमीनदाराचं, घर जमीनदाराचं, कसणारा अर्धेलीने. करार संपायचा तो सान मार्तीनोला. त्या दिवशी सगळ्या रस्त्यांवर बैलगाड्या, गाड्यांवर खाटा, कोंबड्या, म्हातारी माणसं. म्हणून इथे घर बदललं की अजूनही "सान मार्तीनो केलं" म्हणतात. त्याच्या बापाने कर्ज काढून समोरचं सिमेंटचं घर बांधलं आणि शेवटचं सान मार्तीनो केलं ते रस्ता ओलांडून. आई गाडीत बसली ती या घराकडे पाठ करून.

मी म्हणालो, बिचारीला बघवलं नसेल. तो म्हणाला, "बघवलं नाही? ती हसत होती रे."

म्हातारपणी आठवणी उलटसुलट होतात.

१७ नोव्हेंबर

उत्तरेचा वारा. खोलीत नऊ अंश, दार बंद असूनही.

मान आखडली. डावीकडे बघायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. एर्सिलियाने पाहताक्षणी निदान केलं, "वारा लागला." या लोकांना काहीही झालं तरी वारा लागलेला असतो. पोट बिघडलं, वारा. पोरगं नापास झालं, वारा. मी हसलो. हसताना मान दुखली. तिने विणलेला लोकरीचा गंजीफ्रॉक दिला, आत घालायचा. माझ्या तत्त्वात बसत नाही.

घातला आहे.

२० नोव्हेंबर

सेत्तिमिओ भिंतींवर हात फिरवत बसला होता. आलो त्या वर्षी मी छिन्नीने सगळा गिलावा उतरवून दगड मोकळे केले, त्याचं त्याला अजून दुःख आहे. म्हणतो, त्याच्या बापाने दोन उन्हाळे खपून लावला होता. "माणूस पैसे जमले की दगड झाकतो. तू पैसे देऊन उघडे केलेस." इथल्या सगळ्या इंग्रजांनी, डचांनी, जर्मनांनी आपापल्या घरांचा गिलावा उतरवलाय. इतकी माणसं एकदम चुकतील का?

मग मी मुद्द्याचं विचारलं, तुमच्या वेळी ही खोली गरम कशाने व्हायची? तो म्हणाला, "खाली गोठ्यात चार बैल होते ना. त्यांची ऊब वर यायची. वासही यायचा."

गोठ्याची मी लायब्ररी केली आहे.

विचार करतोय.

२४ नोव्हेंबर

सेत्तिमिओला विचारलं, गाय केवढ्याला पडेल. त्याला वाटलं दुधासाठी. मी हीटिंगचं समजावून सांगितलं. त्याने टोपी डोक्यावर घातली. मग चौकातल्या बारमध्ये गेला, आणि तिथे तो बोललाच असणार, कारण दुपारी मी कॉफीला गेलो तर कुणीतरी हंबरलं.

हसोत. पुस्तकात वाचून शहाणपण येत नाही, करून बघावं लागतं. गाय नाही, पण सेत्तिमिओचा चुलतभाऊ गाढवीण द्यायला तयार आहे. चारा माझा. नाव फिओरिना.

२८ नोव्हेंबर

फिओरिना लायब्ररीत स्थिरावली. मोठ्या खोलीत अर्धा अंश वाढ. दिशा बरोबर आहे.

फिओरिनाने भूगोलाच्या मासिकांचे तीन बांधीव खंड खाल्ले. तसे ते जुनेच होते.

संध्याकाळी मॉरीनचा फोन. मी छान गंभीर आवाजात प्रगती सांगत होतो, तेवढ्यात खालून ओरडणं सुरू झालं. गाढव एकदा ओरडायला लागलं की मध्येच थांबत नाही, हे आज कळलं. संपल्यावर मॉरीनने विचारलं, "लेन, ते गाढव होतं का?" मी म्हणालो, टीव्ही.

आमच्याकडे टीव्ही नाही. तीही ऑथेंटिक जीवनाचीच अट होती, माझी.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "जेवतोस ना वेळेवर?" आणि फोन ठेवला.

३ डिसेंबर

दमलो. लाकडं फोडा, लाकडं वाहा, राख काढा, गाढविणीचं काढा. दिवस संपतो आणि खोली आठ अंशांवर. अंथरुणात टोपी घालून झोपतो. मॉरीन तिच्या बाजूला दोन मोजे चढवून झोपायची, वर माझे दोन, आणि तरी तिचे पाय बर्फ असायचे. पोटरीला लावायची तेव्हा मी ओरडायचो. आता कुणी लावत नाही. हे मला आवडत नाही. तिच्याशिवाय हे घर नुसतं मोठं वाटतं.

संकल्प: रडगाणं बंद. उद्यापासून जाड लाकूड.

८ डिसेंबर

आज समोर गडबड. एर्सिलियाने सगळ्यात वरच्या मजल्याच्या खिडक्या उघडून गाद्या उन्हात टाकल्या. तो मजला मुलासाठी बांधलेला. इथे मुलगा जन्मला की बाप वर मजला चढवतो. मुलगा फाब्रित्सिओ मिलानला गेला तो गेलाच. आता नाताळला येत असणार.

मीही मदतीला गेलो. शेजारधर्म. सेत्तिमिओबरोबर कपाट वर चढवलं, पडदे लावले. त्यांचे रेडिएटर म्हणजे, बापरे! इस्पितळात असतो तसला उकाडा. मी लोकरीचा गंजीफ्रॉक काढून ठेवला. निर्जीव ऊब, तिला ना गंध ना इतिहास. तासभर जास्तच थांबलो, पडदा नीट पडत नव्हता म्हणून.

एर्सिलिया विचारत होती, मॉरिनाला उशी मऊ लागते की कडक. मी म्हणालो कडक. का विचारलं कोण जाणे. बायकांना दुसऱ्यांच्या उश्यांचीही चौकशी. ती आणि मॉरीन आठवड्याला फोनवर बोलतात म्हणे, नातू हसायला लागल्याचं मला तिच्याकडून कळलं. चांगलंच आहे, माझ्या कष्टांची बातमी परस्पर पोचत असेल.

१३ डिसेंबर

मॉरीन येतेय!!! एकोणीस तारखेला. स्वतःहून कळवलं. खोलीचं तापमान विचारलंसुद्धा नाही.

शेवटी सत्याचा विजय झाला. माणसाने पाय रोवून उभं राहावं, जग आपल्याकडे येतं.

सेत्तिमिओला सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे." म्हणाला, स्टेशनवर त्याचीच गाडी नेऊ. माझ्या गाडीत लाकडं भरलीत.

१८ डिसेंबर

तीन दिवस चूल अखंड चालू. फिओरिनाला जादा चारा. दारांच्या फटींत मोजे कोंबले. खोलीत अकरा अंश. चुलीच्या आत बसलं तर एका बाजूने चाळीस. सरासरी काढली तर उत्तम आहे.

१९ डिसेंबर

जमेल तसं लिहितो.

मॉरीन आली. बारीक झालीय, पण गाल लाल. गाडीत सेत्तिमिओशी इटालियनमध्ये गप्पा मारत होती. माझ्यापेक्षा बरं बोलते, हे मला ठाऊक नव्हतं.

आमच्या फाटकाशी मी उतरलो आणि बॅग काढायला मागे गेलो. सेत्तिमिओने डिकी उघडलीच नाही. मॉरीन म्हणाली, "राहू दे बॅग. आधी आत चल."

कोट घालूनच मोठ्या खोलीत आली. मध्यभागी उभी राहिली. श्वास सोडला, त्याची वाफ दिसली. आम्ही दोघांनी बघितली. खाली फिओरिना ओरडली. मॉरीन हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मग म्हणाली, "लेन, घर सुंदर आहे. पहिल्या दिवशी वाटलं होतं तेवढंच सुंदर. पण मी इथे आणखी एक हिवाळा झोपणार नाही. तुझ्यापासून लांब राहूनही बघितलं, तेही जमत नाही. म्हणून एर्सिलियाशी बोलले. थंडी सरेपर्यंत त्यांचा वरचा मजला आपला. मी आजपासून तिकडे. तू ये किंवा येऊ नकोस, तुझी मर्जी."

म्हणजे ती कडक उशी.

मी शांतपणे सांगितलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "बरं," आणि रस्ता ओलांडून गेली. मी पडदे लावलेल्या त्या खिडकीत दिवा लागला. पडदा अजून नीट पडत नाही.

इथेच राहणार. सुंभ जळला तरी पीळ जाऊ देणार नाही.

२० डिसेंबर, सकाळ

वरच्या मजल्यावरून.

काल जेवायला तेवढा गेलो होतो. जेवण गॅरेजमध्ये, फियाटच्या शेजारी. मॉरीनने उठून फडताळातून न विचारता ताटल्या काढल्या. मी एर्सिलियाला एकदाचं विचारलंच, आम्हाला वरच्या स्वयंपाकघरात कधी का नाही बसवलंत? ती गोंधळली. म्हणाली, "तिथे? तिथे पाद्री येतात तेव्हा, नाहीतर विमेवाला. घरच्यांना कोण बसवतं तिथे?"

त्यानंतर घरी परतायला मी उठलो. खरंच उठलो. मॉरीन नुसती माझ्या मानेकडे बघत राहिली. मी डावीकडे वळलो ते सगळ्या अंगासकट, आणि ते जिन्याकडेच वळलं.

आज सेत्तिमिओ कॉफी घेऊन वर आला. माझ्या शेजारी खिडकीत उभा राहिला. म्हणाला, "लेओ, महिनाभर उशिरा केलंस, पण केलंस सान मार्तीनो." मी म्हणालो, हे तात्पुरतं आहे. "हो हो," म्हणाला. मग म्हणाला, त्याची आई मरेपर्यंत रोज या खिडकीशी बसून त्या घराकडे बघायची. म्हणायची, दुरून किती साजरं दिसतं रे.

खरंच दिसतं. दगड, कौलं, जुन्या खिडक्या, आणि थंडी तर अजिबात दिसत नाही. फक्त गोठ्याच्या खिडकीतून फिओरिना इकडे टक लावून बघतेय.

संकल्प: ईस्टरला परत. ईस्टरला कधी कधी गारठा असतो, तेव्हा मे धरू.

मॉरीन अजून झोपलीय. पांघरुणाबाहेर पाय आलाय. मोजा नाही. मी हळूच हात लावून पाहिला. गरम होता.